परकारांच्या नावाचं पार्सल

भाईंदर पूर्व,
२७ जुलै २००६

गुणवंत,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच बाजूला टाकलं असतंस, म्हणून पत्ता टाइप करून घेतलाय आणि कुरिअरने पाठवतेय. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. यात अण्णांच्या आजारपणाबद्दल काही नाही, आणि त्यांच्या तेराव्याला आपण दोघं एकमेकांना जे बोललो त्याबद्दलही नाही. अकरा वर्षं ते सोडून दिलंय, तसंच राहू दे.

मे महिन्यात तू इंग्लंडहून मीरा रोडला एक पार्सल पाठवलंस, शब्बीर परकार यांच्या नावाने. तुमच्या मॉडेल बोट क्लबच्या पत्रकात तू छापलं होतंस की बोट लांबून चालवायचा जुना सहा रीडचा ट्रान्समीटर आहे, चालत नाही, कुणी जपणारा असेल तर फुकट देईन. परकारांनी तुला लिहिलं आणि तू पाठवलास.

ते परकार पोलिसांच्या ताब्यात आहेत.

अकरा तारखेचं तुला तिथल्या टीव्हीवर कळलंच असेल. गाड्यांमध्ये स्फोट झाले, त्यातला एक मीरा रोड सोडल्यावर, आमच्या दारातच म्हण. तेव्हापासून परकारांच्या वस्तीतून, नया नगरातून, रोज कुणाला ना कुणाला चौकशीला बोलावतायत. कुणीतरी खबर दिली की तिथल्या एका म्हाताऱ्याकडे परदेशातून वायरींचं पार्सल आलंय, आणि तो चेण्याला पाण्याकाठी लांब एरियलचा रिमोट घेऊन उभा असतो. रविवारी सकाळी साध्या कपड्यातले लोक घरी आले. टेबलावर तुझा ट्रान्समीटर उघडून ठेवलेला. शेजारी सोल्डरिंगची कांडी, मीटर, बॅटऱ्या. बघणाऱ्याला जे वाटायचं ते वाटलं.

परकार मूळ बाणकोटकडचे. आयुष्यभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. पासष्टी उलटलीय, मधुमेह आहे. त्यांच्या बायकोने, अमीनाभाभींनी, गोळ्यांचा डबा नेऊन दिला तो कसाबसा आत घेतला. अटक केलेली नाही म्हणतात, नुसती विचारपूस. पण घरीही सोडत नाहीत.

तू एवढंच कर. एका कागदावर लिही की तू कोण, ही वस्तू काय आहे, किती जुनी, कुणाची होती आणि तू ती का पाठवलीस. खाली सही कर आणि फॅक्स कर. खाली दिलेला नंबर स्टेशनजवळच्या एसटीडी बूथचा आहे, तो माणूस माझ्या ओळखीचा आहे.

माझी आणि परकारांची ओळख आहे, इतकंच. भंगाराच्या दुकानात झालेली.

वासंती

३१ जुलै २००६

गुणवंत,

काल फोन मी आपटला. तो आपटायला नको होता, कारण तू विचारलेला प्रश्न रास्त होता. उत्तर तोंडाने देता येईना, म्हणून तू सांगितलेल्या फॅक्स नंबरवर हे पाठवतेय. अक्षर वाचवत नसेल तर बूथवाल्याला बोल लाव, त्याचं मशीन जुनं आहे.

तू म्हणालास, "ताई, पार्सलमध्ये अण्णांचाच ट्रान्समीटर होता हे तुला कसं कळलं? मी पत्रकात त्यांचं नाव लिहिलं नव्हतं."

तुझं नाव होतं ना. परकारांचा एक जुना सहकारी लिव्हरपूलला असतो, तो त्यांना तुमचं पत्रक पाठवतो. ते मी वाचलं. खाली तुझं नाव पाहिलं आणि मला कळलं की तू काय देऊन टाकायला निघालायस. परकारांना मीच लिहायला लावलं. ते म्हणाले होते, "वासंतीबाई, सख्ख्या भावाला स्वतः लिहा. दोन ओळींचं तर काम." मी म्हटलं, माझं नाव दिसलं तर तो द्यायचा नाही. त्यांना ते पटलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी लिहिलं.

तेव्हा पार्सल माझं होतं. नाव त्यांचं होतं.

तुला वाटेल, म्हातारीला हे कसलं वेड. तू ट्रान्समीटर नेलास, पण अण्णांची बोट माझ्याकडे राहिली, आणि तिच्या पोटातला रिसीव्हरही. टेलिफोनमधून निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, दुसरा ट्रान्समीटर शोधू, त्यात काय. चोर बाजारातून एक आणला. चालेना. काशीमिऱ्याच्या भंगारवाल्याकडे जहाजांवरून उतरलेलं सामान येतं, तिथून आणखी एक. तोही चालेना. मग समजून घ्यायला बसले तेव्हा लक्षात आलं की अण्णा काय घेऊन बसले होते. प्रत्येक बटणाचा एक सूर असतो, आणि रिसीव्हरमध्ये पोलादाच्या बारीक पट्ट्या, त्याच रीड, पेटीतल्या सुरांसारख्या. ज्या पट्टीचा सूर जुळेल तीच थरथरते आणि सुकाणू वळतं. दुसऱ्या घरच्या सेटचे सूर जुळतच नाहीत. मग मी ते जुळवायला शिकले. एकेक सेट जमत गेला. व्हॉल्वचे, एकाच बटणाचे, रबर पिळून चालणारे. माझी बेडरूम आता तू बघू नकोस.

परकारही त्याच भंगारवाल्याकडे भेटले. एका खोक्याचं एक टोक मी धरलेलं, दुसरं त्यांनी. म्हणाले, "बाई, हा डबा रेडिओ नव्हे, यात गाणी लागत नाहीत." मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटलं, मी गाण्यांच्या आशेने घेतेय?" ते इतके हसले की भंगारवाल्याने भाव वाढवला. तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही चेण्याला जातो. बोटी पाण्यात सोडतो, त्या बुडतात, आम्ही काढतो.

आता मुद्द्याचं. खबर देणाऱ्याने पाहिलं तेव्हा रिमोट माझ्या हातात होता. त्या दिवशी एरियल मीच वर काढली होती. परकारांच्या हातात पोह्यांचा डबा होता. तरी खबरीत नाव एकच आहे.

आणि मी अजून पोलिसांकडे गेलेले नाही. परवा फाटकापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ म्हात्रे दारात येऊन हळूच सांगून गेले, "ताई, मना काय न्हाय, पन त्या पेट्या घरान नको. खाडीन टाका. माझा टेंपो हाय." माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. त्यांच्यासमोर मी दोन खोकी बांधलीसुद्धा.

तू म्हणालास, "मला यात ओढू नकोस, इथे गेल्या वर्षीच्या लंडनच्या स्फोटांपासून काय वातावरण आहे तुला कल्पना नाही, अशा फाइलीत एकदा नाव गेलं की गेलं." मला कल्पना आहे, गुणवंत. ती खोकी बांधताना माझे हात असेच बोलत होते.

उद्या मी जाणार आहे. तुला लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

ताई

४ ऑगस्ट २००६

गुणवंत,

गेले. बोट जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातली आणि गेले.

फाटकावरच्या शिपायाने चादर उघडायला लावली. त्याचं नाव बबन, तेव्हा मला माहीत नव्हतं. बोटीच्या नाकावर अण्णांनी रंगवलेलं "सुलू" वाचून म्हणाला, "कोण ही?" मी म्हटलं, "माझी आई." त्याने चादर परत नीट गुंडाळून दिली.

साहेब मध्यमवयाचे, झोप न झालेले. मला बसायला सांगितलं, म्हणाले, "बाई, तुमचं नाव कुठेच नाही. कशाला पडताय यात? घरी जा."

"नाव नाही म्हणूनच आलेय," मी म्हटलं. "त्या दिवशी चेण्याला आम्ही दोघं होतो. रिमोट माझा होता, हातातही माझ्याच होता. पार्सल माझं होतं. पाठवणारा माझा भाऊ."

"खबर देणाऱ्याने एकच माणूस सांगितला."

"मग त्याला एकच दिसला असेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे असं लिहून द्याल?"

"द्या कागद."

लिहून दिलं. मग त्यांची माणसं माझ्याबरोबर घरी आली. इंद्रलोकच्या आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या होत्या, जणू वरात होती. सगळे सेट नेले. प्रत्येकावर चिठ्ठी लावली, आणि प्रत्येकाचं नाव मी सांगायचं. एकाने विचारलं, "ह्याचा उपयोग काय?" उपयोग काय, खरंच?

काल परत बोलावलं. स्फोटकांचे एक जाणकार आले होते. साहेब म्हणाले, "चालवून दाखवा." आवारात जप्त केलेल्या गाड्यांच्या मागे पाण्याचा सिमेंटचा हौद आहे, त्यात बोट ठेवली. परकारांना बाहेर आणलं. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ट्रान्समीटरला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं, असं ठरलं होतं.

ट्रान्समीटरची सगळी साफसफाई त्यांनी आधीच संपवली होती. त्याच रविवारी आम्ही तो चेण्याला नेणार होतो. मी बॅटऱ्या घातल्या, एरियल वर काढली. डाव्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बोट हौदात नुसती उभी.

साहेब म्हणाले, "मग नक्की काय आहे हे?"

मनात आलं, हे चाललं नाही तर म्हणतील खेळण्याच्या नावाखाली दुसरंच काही आहे. चाललं तर म्हणतील, लांबून चालतं. मी काय केलं म्हणजे बरं?

तेवढ्यात परकार बोलले, "साहेब, मी जवळ येऊन ऐकू?" साहेबांनी मान हलवली. परकार हौदाच्या कठड्यावर वाकले, कान बोटीजवळ नेला. जहाजावर वादळात मोर्स ऐकणारा कान तो. म्हणाले, "दाबा. दाबून ठेवा." मग, "वासंतीबाई, सूर उतरलाय. किंचित वर घ्या."

त्यासाठी ट्रान्समीटरचं मागचं झाकण काढून आतला स्क्रू फिरवायचा असतो. मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळं आवार मागे सरकलं. जाणकार म्हणाले, "थांबा, थांबा." मी थांबले. जाणकार जवळ आले, आत बघितलं, म्हणाले, "करा." परकार कठड्यावरून सांगत होते, "थोडं. अजून. गेलात पुढे, मागे या. हां."

आणि सुकाणू वळलं.

बबन "आई गं!" म्हणून मागच्या जीपवर आदळला. कुणी हसलं नाही. मी उजव्याचं दाबलं, उजवीकडे वळलं. मोटरचं दाबलं, आणि अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा "सुलू" चालली, पोलिसांच्या हौदात, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. अण्णांच्याच ट्रान्समीटरवर. मला आनंद झाला नाही. मला तो व्हायला हवा होता.

जाणकार म्हणाले, "साहेब, खेळण्याचंच आहे. फार जुनं." साहेब म्हणाले, "ते मलाही दिसतंय. पण पाठवणारा कोण, त्याने का पाठवलं, हे कागदावर कुठंय? हिने सांगितलं म्हणून मी वर काय लिहू?"

परकारांना परत आत नेलं.

तर आता सगळं तुझ्या कागदावर आलंय. मी इथे जे करायचं ते केलं. मी तुझ्या पाया पडतेय असं समज, नाहीतर मी तुझी मोठी बहीण आहे आणि तुला सांगतेय असं समज. तुला जे सोपं जाईल ते. पण लिही.

ताई

१० ऑगस्ट २००६

गुणवंत,

फॅक्स आला. बूथवाल्याने बिल्डिंगखालून हाक मारली आणि मी चपला न घालता गेले.

तू वकिलाकडे जाशील, त्याचा शिक्का घेशील, क्लबच्या सेक्रेटरीचीही सही घेशील, असं मला वाटलं नव्हतं. तू दोन ओळी खरडशील एवढीच माझी अपेक्षा होती. अण्णांनी तो सेट कधी, कुठल्या जहाजावरच्या माणसाकडून मागवून घेतला, तो त्यांनी कितीदा दुरुस्त केला, हे सगळं तुझ्या लक्षात आहे. माझ्या नव्हतं. सोबत पाठवलेला फोटो मशीनमधून नुसता काळा ठिपका होऊन आला. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "वडील." त्यांनी तोही फाइलला लावला.

काल दुपारी परकारांना सोडलं. मी फाटकाबाहेर उभी होते, त्यांचे जावई रिक्षा घेऊन आले होते. परकार बाहेर आले, उन्हाला डोळे मिटले. मी पुढे झाले. ते म्हणाले, "तुम्ही घरी जा." आवाज चढवला नाही. रिक्षात बसले आणि गेले.

काय बोलायचं म्हणून मी किती दिवस घोकलं होतं. एक शब्दही लागला नाही.

सामान सगळं पोलिसांकडेच आहे, वरून परवानगी आल्यावर मिळेल म्हणतात. बोटसुद्धा.

काल राखी होती. मी काही पाठवलेली नव्हती, आणि तू काही म्हणाला नाहीस. तू फोनवर विचारलंस, "ताई, तू जेवतेस ना?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं, पण आता जेवतेय.

ताई

२ सप्टेंबर २००६

गुणवंत,

तुझ्या फोनवर मी तुटक बोलले, कारण शेजारच्या सुचेताबाई दारात उभ्या होत्या. त्या हल्ली वाटीभर साखर मागायला येतात आणि खोल्यांमधून नजर फिरवून साखर न घेता जातात.

तू विचारत होतास, खबर कुणी दिली. मला माहीत नाही. कळणारही नाही. पण त्याचा एक परिणाम झालाय, की जिन्यात भेटेल त्या प्रत्येकाकडे मी तसं बघते. दूधवाला, पेपरवाला, सुचेताबाई, म्हात्रे. चेण्याला रविवारी कितीजण फिरायला येतात! असं बघत राहिले तर मी कुठली माणूस राहीन, सांग.

सोसायटीची मीटिंग झाली. विषय मीच. म्हात्रे म्हणाले, सामान परत मिळालं तरी बिल्डिंगमध्ये आणायचं न्हाय, सगळ्यांचं म्हननं हाय. मी उठले. बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, "खबर देणाऱ्याने अर्धीच खबर दिली. दोन माणसं होती, त्यातलं एक नाव त्याला सांगावंसं वाटलं नाही. का, ते तुम्हीही जाणता आणि मीही. ते दुसरं नाव मी स्वतः जाऊन देऊन आले. आता कुणाला आणखी काही सांगायचं असेल तर माझ्यासमोर सांगा." म्हात्र्यांनी वहीत डोकं घातलं आणि पाण्याच्या टाकीच्या विषयाला लागले. पुन्हा त्यांनी मला काही म्हटलेलं नाही.

पण जिथे बोलायला हवं तिथे बोलता येत नाही. तीनदा नया नगरला गेले. दर वेळी अमीनाभाभी अर्धं दार उघडतात. शेवटच्या वेळी बाहेर आल्या, माझा हात धरला, म्हणाल्या, "ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही गेलात म्हणून ते सुटले, मला ठाऊक आहे. पण तुम्ही आलात की मजल्यावरचे विचारतात, कोण आली, पिशवीत काय होतं. थोडे दिवस नका येऊ."

"ते कसे आहेत?"

"बसलेले असतात. मीटर, कांडी, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. ट्रान्झिस्टरसुद्धा लावू देत नाहीत. बातम्यांना घड्याळ लावणारा माणूस तो."

आतून त्यांचा खोकला ऐकू आला. मी बाहेर आहे हे त्यांना कळलं होतं. मी निघाले.

तू म्हणतोस की त्यांना लिहू का. मला विचारू नकोस. पत्ता तुझ्याकडे आहे, पार्सल पाठवल्यापासून. पण लिहिलंस तर माझ्या वतीने काही लिहू नकोस. माझं मला बोलायचंय, ते ऐकतील तेव्हा.

ताई

१४ ऑक्टोबर २००६

चि. गुणवंत,

आज जे झालं ते आजच लिहायला बसलेय, हात दुखतोय तरी.

सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर परकार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी नीट कातरलेली. समोर सुचेताबाईंचं दार किलकिलं झालं. परकारांनी त्यांना नमस्कार केला, तेव्हा ते मिटलं.

मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "रोजा आहे." रमझान चालू आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मग ते बसले. खिशातून तुझं पत्र काढलं. घडी घालून घालून कडा फाटल्या होत्या.

"तुमच्या भावाने माफी मागितलीय," ते म्हणाले. "त्याने कशाला मागायची? त्याने चांगुलपणाने वस्तू दिली. पण कुणीतरी मागितली. तिथून बाहेर पडताना मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी म्हणेल, चूक झाली. कुणी म्हटलं नाही. माझी वस्तूसुद्धा परत दिली नाही, जणू काही मी खरंच काहीतरी होतो."

मी म्हटलं, "परकारसाहेब, तुमच्या नावावर मी पार्सल मागवलं..."

"ते राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही चादरीत बोट गुंडाळून आलात, ते मी आतून पाहिलं. सुटलो त्या दिवशी तुमच्याशी बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो. सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं." मग तुझं पत्र खिशात ठेवून म्हणाले, "सामान सोडायचा हुकूम आलाय, जावयाने विचारून आणलंय. घरच्यांचं म्हणणं, आणूच नका. मला जायचंय. ज्या दारातून मला नेलं त्याच दारातून मी माझी वस्तू घेऊन बाहेर येणार. याल?"

आम्ही गेलो.

साहेबांची बदली झालीय. नवे साहेब बंदोबस्ताला गेले होते. बबनने आम्हाला बसवलं, खोकी एकेक करून आणली. सगळ्यात शेवटी अण्णांचा ट्रान्समीटर. "सही करा काका, आणि न्या," तो म्हणाला.

परकारांनी सही केली नाही. झाकण उघडलं, आत पाहिलं. "याचा क्रिस्टल कुठे आहे?"

बबनला कळेना. मी सांगितलं, नखाएवढी पत्र्याची डबी असते, दोन पायांची, ती नसेल तर हा नुसता डबा. जाणकारांनी तपासणीनंतर सुरक्षा म्हणून काढून ठेवला असणार.

"असेल कुठेतरी. नंतर पाठवून देतो," बबन म्हणाला.

"मी थांबतो," परकार म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "चला आपण. क्रिस्टल मी मिळवीन. बाजारात मिळतो." खरं सांगू? मला तिथून पळायचं होतं. आतल्या कुणी विचार बदलला तर? परकार माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जा हवं तर. मी ज्या बाकावर बसलो होतो तो हाच. तेव्हा मला उठता येत नव्हतं. आज मी माझ्या मर्जीने बसलोय."

मी बसले.

दुपार सरली. एक हवालदार येऊन म्हणाला, "अहो, मिळालं ना सगळं? जा ना आता." परकार म्हणाले, "सगळं नाही मिळालं." तो दुसऱ्यांदा आला तेव्हा आवाज चढला होता. "ए चाचा, समझता नहीं क्या?" परकार उठून उभे राहिले आणि मराठीत, शांतपणे म्हणाले, "जे माझ्याकडून नेलं ते लिहून नेलं होतं. जेवढं लिहिलंय तेवढं द्या. त्यावर एक वस्तूही जास्त नको." हवालदार त्यांच्याकडे बघत राहिला. मग बबन मधे पडला, "थांबा, मी बघतो."

त्याने तीन कपाटं उघडली. एकाची किल्ली नव्हती, ती कुणाच्या तरी खिशातून मागवली. बिचारा गुडघ्यावर बसून खालचा खण उपसत होता. परकारांचा चेहरा उतरत चालला होता. मधुमेहाचा माणूस, उपवास, गर्मी. मी म्हटलं, पाणी तरी. ते मान हलवून नाही म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि भीतीही वाटली.

शेवटी बबन उभा राहिला. हातात एक छोटं पाकीट, त्यावर लाल पेनाने काहीतरी लिहिलेलं. उघडून तळहातावर ओतलं. "हेच का?"

परकारांनी तो क्रिस्टल घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला, सॉकेटमध्ये दाबून बसवला. झाकण लावलं. मग सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बबन म्हणाला, "काका, मनात ठेवू नका." परकारांनी पेन त्याला परत दिलं. मग म्हणाले, "मनात राहणारच रे. पण तू शोधलंस, तेही राहील."

बाहेर आलो तेव्हा मी त्यांचा दंड धरला. बोट माझ्या काखेत, ट्रान्समीटर त्यांच्या. तो त्यांच्याकडेच राहणार, गुणवंत. तू त्यांना दिलास, पावतीवर त्यांचं नाव आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

माझी बाकीची खोकी जावई टेंपोने आणून देणार होते. रोजा सुटायला थोडाच वेळ उरला होता. मी रिक्षा थांबवली. अमीनाभाभींनी मला मागे सांगितलं होतं की सुटल्यापासून हे रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगत नाहीत, स्टेशनजवळ उतरतात आणि चालत जातात. मी म्हणणार होते, स्टेशन.

रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?"

त्यांनी ट्रान्समीटर मांडीवर घेतला आणि फुटपाथवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "नया नगर. अंदर तक छोडना."

तुझी,
ताई